बिननंबरी पन्नास

दूध घट्ट लागलं तरी मी बायकोला विचारतो, आज घट्ट का? ती म्हणते, तुमच्या डोक्यात मेंदू नाही, पोलीस चौकी आहे. तिचं फारसं चुकत नाही. माझी सगळी नोकरी इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम खात्यात गेली. कुणाच्या गोदामाला आग लागली, कुणाचा टेम्पो घाटात उलटला, की दुसऱ्या दिवशी मी तिथे हजर. मालक रडत रडत जळालेला माल दाखवायचा आणि मी न जळालेला कोपरा शोधत असायचो. बहुतेक वेळा तो सापडायचाही. रिटायर झालो तेव्हा ऑफिसने शाल दिली, घड्याळ दिलं, पण संशय काही परत मागून घेतला नाही. तो माझ्याबरोबर मुलुंडच्या घरी आला आणि दिवसभर रिकामा बसून राहू लागला.

त्याला काम दिलं मोबाइलने. एक दिवस जाहिरात आली, तुमच्याकडे ट्रॅक्टरचं चित्र असलेली जुनी पाच रुपयांची नोट आहे का, घरबसल्या लखपती व्हा. मी मुद्दाम फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत फार गोड बोलत होता. नोटेचे बारा लाख नक्की, म्हणाला, फक्त आधी रजिस्ट्रेशनचे थोडे पैसे भरा. मी म्हटलं, बारा लाखांतून कापून घे ना तुझे पैसे. तो म्हणाला, सर, तसा नियम नाही. मग मी त्याला नियम विचारत सुटलो. शेवटी त्यानेच माझा नंबर ब्लॉक केला. भामट्याने आपल्याला ब्लॉक केलं याचा मला आठवडाभर आनंद होता.

पण त्याच्याशी भांडण्यासाठी मी जे वाचलं त्यात एक खरी गोष्ट हाती लागली. ट्रॅक्टरच्या नोटेला काही लाख येत नाहीत, पण छपाईत चुकलेल्या नोटा लोक खरोखरच जमवतात. कुठे दोन टोकांना दोन वेगळे नंबर पडलेले असतात, कुठे एक बाजू कोरीच राहिलेली असते, कुठे कागद दुमडलेला असतानाच कापला गेलेला असतो. छापखान्यात इतकी तपासणी होऊनही जी चूक नजरेतून सुटते, तिला किंमत येते. मला हे फारच आवडलं. मी जन्मभर लोकांच्या चुका काढल्या आणि त्या कुणी फुकटसुद्धा घेतल्या नव्हत्या.

तेव्हापासून मी हट्टाने रोखीत व्यवहार करू लागलो. हल्ली वडापाववालासुद्धा स्कॅनर पुढे करतो, मी नोट पुढे करायचो आणि सुट्ट्या नोटा परत मागायचो. एटीएमसमोर उभा राहून एकेक नोट उजेडात धरायचो. मागून आवाज यायचा, "काका, आटपा ना यार." एकाने तर बायकोला येऊन सांगितलं की काकांचं जरा बघा.

आणि एक दिवस औषधांच्या दुकानात मला सुट्ट्यांमध्ये दहाची एक नोट मिळाली. तिच्या एका कोपऱ्याला जास्तीचा कागद होता, कानासारखा बाहेर आलेला. मी इंटरनेटवर बघितलं. नोट कापताना कोपरा दुमडलेला राहिला की असं होतं, आणि धंद्यात अशा नोटेला बटरफ्लाय म्हणतात. घरी येताना वाटेतच झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि नोट लॅमिनेट करून घेतली.

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या घरात जे जे मोलाचं ते ते लॅमिनेट होतं. माझी दहावीची मार्कशीट, वडिलांचा जातीचा दाखला, आईचा एकुलता एक फोटो, सगळं प्लास्टिकमध्ये. मराठवाड्यातून मुंबईला आलेल्या आमच्या वडिलांना पावसाची आणि सरकारी कारकुनाची सारखीच भीती वाटायची, आणि दोन्हींवर त्यांच्याकडे लॅमिनेशन हा एकच उपाय होता.

ती नोट घेऊन मी घाटकोपरला गेलो. स्टेशनजवळच्या एका जुन्या शॉपिंग सेंटरमध्ये पहिल्या मजल्यावर एक दुकान आहे, जुनी नाणी, तिकिटं आणि नोटांचं. मालक गुजराती, सत्तरीचे, पांढरा हाफ शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. सगळे त्यांना शेठ म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांनी माझी नोट हातात घेतली, वाकवून बघितली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे कोणी केला?"

"मी."

"साहेब, आता ही नोट नाय राहिली. फोटो झाला."

प्लास्टिक सोलायला गेलं तर छपाईही सोबत निघते, असं त्यांनी मला समजावलं. न केलं असतं तर किती आले असते, हे मी विचारलं. ते म्हणाले, ते विचारू नका, जेवण जाणार नाय. मला वाटलं, हा माणूस मुद्दाम घाबरवतोय, म्हणजे मी ती कवडीमोलाने त्याच्याकडे टाकून जाईन. मी नोट उचलून खिशात घातली. त्यांनी थांबवलं नाही. उलट चहा मागवला. त्यामुळे माझा संशय वाढला.

मग मी दर मंगळवारी तिथे जाऊ लागलो. शेठ शिकवायचे. आधी हात साबणाने धुवायचे आणि कोरडे करायचे. नोट कडेने धरायची. अंगठा जिभेला लावून नोट उलटायची माझी ऑफिसातली सवय त्यांनी पहिल्याच दिवशी मोडली. नोटेची प्रत ठरवताना आधी घड्या बघायच्या. कुठेच दुमडलेली नाही, कोपरे टोकदार, कागद कडक, ती सगळ्यात वरची. मध्ये हलकी घडी पडली की एक पायरी खाली. घडीची पांढरी रेघ झाली की आणखी खाली. मग मळ, मग टाचणीची भोकं, मग फाट. चूक कितीही दुर्मिळ असो, नोटेची तब्येत बिघडली की भाव बिघडला.

"आणि कोण इस्त्री करून आणेल, तर त्याला पायऱ्यांवरूनच परत पाठवायचा," शेठ म्हणायचे. "इस्त्री केलेली नोट आणि केस काळे केलेला म्हातारा, वय लपत नाय."

मला सर्वांत जास्त रस होता तो खोट्या चुकांमध्ये. चुकीला भाव आहे म्हटल्यावर लोक चुकाही बनवतात. साधी नोट घ्यायची, तिच्यावरचा नंबर काहीतरी लावून पुसायचा आणि छापायचाच राहिला म्हणून विकायची. अशा पुसलेल्या नोटा शेठकडे एका डबीत होत्या. भिंगातून बघितलं की पुसलेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसायचे, जांभळ्या दिव्याखाली डाग उजळायचा. मी तासन्तास ती डबी घेऊन बसायचो. जळलेल्या गोदामात परत गेल्यासारखं वाटायचं.

एक प्रश्न मात्र सुटत नव्हता. हा माणूस मला हे सगळं फुकट का शिकवतोय? चहाचे पैसेही देऊ देत नाही. मी बायकोला म्हटलं, बकरा पोसतोय. ती म्हणाली, मग बकऱ्याने जाऊ नये.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती नाहूरला राहते. तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, पुढच्या महिन्यात साखरपुडा होता. मला वाटलं, हॉलबद्दल बोलायचं असेल. गेलो तर तिने चहा ठेवला आणि कपाटातून एक जुनं पासचं कव्हर काढलं, ते पूर्वी मिळायचं तसं निळं, प्लास्टिकचं.

"दादा, तू हल्ली नोटा बघतोस ना? ही बघ."

आतून पन्नासची नोट निघाली, लांबीच्या दिशेने एकदा दुमडलेली, पट्टीसारखी. मी ती उघडण्याआधीच ओळखली. आमच्या नात्यात ती सगळ्यांना माहीत होती, पण मी कधी हातात घेतली नव्हती. दोन्ही टोकांना जिथे नंबर असतो तिथे काहीच नव्हतं, नुसता कागद.

माझे मेहुणे बसकंडक्टर होते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कुणीतरी त्यांना गर्दीत ही नोट दिली. डेपोत हिशेब देताना कॅशियरने ती बाजूला काढली, हिच्यावर नंबर नाही, घेणार नाही म्हणाला. मेहुण्यांनी आपल्या खिशातले पन्नास भरले आणि ही घरी आणली. दुसऱ्या दिवशी गर्दीत कुणाच्याही हातात ती सरकवता आली असती, कुणाला कळलंही नसतं. त्यांनी सरकवली नाही. बँकेतही नेली नाही. म्हणायचे, "नोट खरी आहे. चूक छापणाऱ्याची आहे, माझी नाही." आणि ती जपून ठेवली.

हे त्यांच्या मोठ्या भावाला कळलं आणि मग झालंच. माझ्या बहिणीचे हे जेठ गप्पिष्ट, आवाज मोठा, नकला झकास करतात. बारसं असो, वास्तुशांती असो की कुणाची पुण्यतिथी, जेवणं झाली की ते सुरू होणार. कंडक्टर कसा डोळे फाडून नोट बघतो, कॅशियर कसा खेकसतो, सगळं साग्रसंगीत. "रोज हजारो नोटा मोजणारा माणूस, आणि याला एक येडा खोटी नोट चिकटवून गेला!" मेहुण्यांचं नावच त्यांनी बिननंबरी पाडलं. आमचा बिननंबरी आला, बिननंबरीला आणखी वाढा. मेहुणे हसायचे, बाकी काही बोलायचे नाहीत. ते जाऊन आता काही वर्षं झाली, पण गोष्ट चालूच आहे.

"साखरपुड्यात पण सांगणार ते," बहीण म्हणाली. "मुलीकडच्यांसमोर. मी ओळखून आहे ना त्यांना. नव्या सोयऱ्यांना माझ्या पोराच्या बापाची पहिली ओळख काय, तर येडा."

"सांगू नका म्हण."

"म्हटलं रे. ते म्हणतात, गंमत असते गं, तो असता तर तोही हसला असता." तिने नोट माझ्याकडे सरकवली. "मला किंमत नको सांगूस, विकायची नाहीये. खरी की खोटी, तेवढं नक्की सांग. खोटी असेल तर मी फाडून टाकीन आणि भाऊजींबरोबर मीही हसेन. पण खरी असेल तर मला कळायला पाहिजे."

घरी येताना माझं डोकं जुन्या चाकोरीत फिरू लागलं. नोट खरी किंवा खोटी, या झाल्या दोन शक्यता. क्लेम खात्यात आम्ही नेहमी तिसरी बघायचो. मेहुण्यांच्या हिशेबात पन्नास कमी पडले असतील, ते त्यांनी दुसरीकडेच खर्च केले असतील आणि घरी दाखवायला स्वतःच एका नोटेचा नंबर पुसला असेल तर? मेलेल्या माणसाबद्दल असा विचार करताना मला लाज वाटली, पण विचार काही थांबला नाही.

मंगळवारी नोट शेठसमोर ठेवली. एरवी अखंड बोलणारा माणूस गप्प झाला. भिंग लावलं, दिवा लावला, नोट तिरपी केली, परत भिंग लावलं. माझ्या अनुभवात समोरचा माणूस अचानक गप्प झाला की त्याला काहीतरी सापडलेलं असतं आणि ते तो आपल्याला सांगणार नसतो.

"घडी वाईट आहे," शेवटी ते म्हणाले. "लांबीत, पूर्ण. ही नसती तर दोन पायऱ्या वर गेली असती."

"पण खरी आहे का?"

"मला वाटते ते सांगून काय फायदा? नक्की सांगायला पायजे. माझा एक दोस्त आहे फोर्टला, तो फक्त चुकाच बघतो, त्याच्याकडे मोठी मशीन आहे. चार दिवस ठेवून जा."

माझ्या डोक्यातली चौकी खडबडून जागी झाली. मी पावती मागितली. शेठनी शांतपणे पावती लिहून दिली, पन्नास रुपयांची नोट एक, नंबर नाही. ती वाचल्यावर माझ्या लक्षात आलं. प्रत्येक नोट तिच्या नंबरावरून ओळखता येते. हिला नंबर नाही, म्हणून तर ही किमती. आणि नंबर नाही, म्हणूनच बदलली तर मी काय दाखवणार होतो? एक साधी पन्नासची घ्यायची, नंबर पुसायचा, की हिची जुळी बहीण तयार. पुसायचे सगळे प्रकार याच माणसाने मला शिकवले होते. मी मोबाइलवर फोटो काढले, तर ट्यूबलाइट नोटेवर चकाकत होती आणि माझ्या हाताची सावली पडत होती. शेठ म्हणाले, "काढा, काढा, अजून काढा." त्यांच्या या मोकळेपणानेही मला धीर आला नाही.

ते चार दिवस मी कसे काढले ते बायकोला विचारा. गुरुवारी दुपारी मी घाटकोपरला गेलो, काही काम नव्हतं. दुकानाला कुलूप. मी समोरच्या फरसाणवाल्याला विचारलं, शेठ कुठे गेले? तो म्हणाला, माहीत नाही. पळाला! माझ्या बहिणीच्या नवऱ्याची एकच गोष्ट उरली होती आणि ती मी एका अनोळखी माणसाच्या हातात देऊन आलो होतो. मी तिथेच पायरीवर बसून राहिलो. चारच्या सुमाराला शेठ डुलत डुलत आले, डोळ्यांवर झोप होती. "अरे साहेब, आज मंगळवार हाय का?" दुपारी ते रोज घरी जाऊन झोपतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी म्हटलं, इथून जात होतो. हातात फरसाणाच्या तीन पुड्या होत्या, कारण नुसतं बसून राहिलो असतो तर फरसाणवाल्याला संशय आला असता.

ठरल्या दिवशी शेठनी नोट परत दिली. ती एका ताठ, पारदर्शक पाकिटात होती.

"खरी आहे," ते म्हणाले. "पुसलेली नाय. त्या जागी शाई कधी लागलीच नाय. माझा दोस्त बी तेच बोलला. विकणार असाल तर मला पयला सांगा. आणि एक, पाकिटातून काढू नका."

दुसरा कुणी असता तर आनंदाने उडाला असता. मी पायऱ्या उतरताना हिशेब करत होतो. खोटी आहे म्हणाला असता, तर मी लगेच भांडलो असतो हे त्याला माहीत आहे. म्हणून खरी म्हणाला, म्हणजे मी खूश होऊन घरी जाईन, नोट कपाटात ठेवीन आणि पुन्हा कधी तपासणार नाही. वर म्हणतो, पाकिटातून काढू नका. का काढू नका? मी फोटो काढून पडताळले. फोटोत नोट मळकट, पाकिटात जरा उजळ. फोटोत मधली घडी ठसठशीत, इथे प्लास्टिकच्या चकाकीत ती धड दिसतही नव्हती. नोट सपाट होती. जो माणूस इस्त्रीला शिव्या घालतो त्याच्याकडून आलेली नोट इतकी सपाट कशी?

तसाच नाहूरला गेलो. बहिणीला सगळं सांगितलं. शेठ खरी म्हणतो, पण हीच ती नोट कशावरून, हे मी सांगू शकत नाही, असंही सांगितलं.

"दादा, तुला कुणाचंच काही पटत नाही का रे?"

मी काही बोलायच्या आत तिने पाकीट उचललं आणि टोक फाडलं. मी ओरडलो, "अगं, काढू नकोस! हात तरी धू!" तिने नोट बाहेर ओढली. हाताला नुकत्याच चिरलेल्या कांद्याचा वास होता, तो मला समोर बसून येत होता.

"ते अशी धरायचे," ती म्हणाली.

तिने डावा हात पुढे केला, बोटं जरा फाकवली आणि नोट दोन बोटांच्या मध्ये घातली. दाबली नाही, दुमडली नाही. नोटेच्या दोन्ही बाजू आपोआप मिटल्या, जुन्या रेघेवर, अगदी नेमक्या, आणि ती पट्टी होऊन बोटांत उभी राहिली. मुंबईतला कुठलाही कंडक्टर नोटा तशाच धरायचा, लांबीत दुमडून बोटांच्या बेचक्यांत, दहाच्या एका ठिकाणी, वीसच्या दुसऱ्या, म्हणजे दुसरा हात तिकिटाला मोकळा. पन्नासची जागा करंगळीच्या शेजारी, असं ती म्हणाली. घरी आल्यावरही ते ती नोट अशीच बोटांत अडकवून टीव्ही बघत बसायचे. एवढ्या वर्षांची ती घडी होती. ती बनवायला नुसतं काहीतरी लावून पुसणं पुरलं नसतं.

मी नोट घेऊन खिडकीशी गेलो. उलटी केली, सुलटी केली. नोट तीच होती, शेठनी बदलली नव्हती; शंका काढायला काही उरलं नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं आणि वळून बघितलं तर ती रडत होती.

"खरी निघाली ना? मग रडतेस काय?"

"मला वाटायचं त्यांनी ते पन्नास रुपये कुठेतरी उडवले," ती म्हणाली. "दारू नाही तर मटका. आणि मला ही नोट दाखवतायत. मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं होतं रे एकदा. तेव्हा पण ते हेच म्हणाले, चूक छापणाऱ्याची आहे."

मी माझी तिसरी शक्यता तिला सांगितली नाही. एकाच आईबापाची पोरं आम्ही, संशय दोघांनाही सारखाच वाटून आलेला. मी तिच्याजवळ बसून राहिलो. उरलेला कांदा तसाच चिरायचा राहिला.

रात्री शेठना फोन करून नुसतं थँक्यू म्हटलं. त्यांनी विचारलं, "पाकिटातून काढली नाय ना?" मी फोन ठेवून दिला.

साखरपुडा भांडुपच्या विहाराच्या हॉलमध्ये होता. वंदना झाली, अंगठ्या घातल्या, फोटो झाले. जेवणाची पहिली पंगत उठली आणि मुलीकडची मोठी माणसं खुर्च्या ओढून बसली, तेव्हा जेठ रुमालाने हात पुसत त्यांच्यात जाऊन बसले. मी लांबून बघितलं आणि ओळखलं, आता सुरू होणार. "आमच्या धाकट्याची एक गंमत सांगतो," त्यांचा आवाज हॉलभर गेला. "कंडक्टर होता तो."

बहीण गुलाबजामचं भांडं घेऊन चालली होती. तिने ते टेबलावर ठेवलं, पर्समधून नोट काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

"भाऊजी, गोष्ट सांगा, पण ही दाखवून सांगा. हिच्यावर नंबर छापायचाच राहिलाय. नोट खरी आहे."

जेठांनी हसत नोट घेतली. पंख्याखाली उजेडात धरली, नखाने खरवडली. तिथून ती मुलीच्या बापाकडे गेली, त्यांनी अंगठ्याने चोळून बघितली. मग मामांकडे, मामींकडे, ज्यांच्या बोटांना अजून आमटी होती. एकेका हाताने नोट पायरी पायरी उतरत होती आणि मी मोजत उभा होतो. अर्ध्या पंगतीत तिची सगळी तब्येत गेली.

"खरी कशावरून?" जेठ म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे इन्शुरन्सवाले आहेत, यांना काहीच पटत नाही. तुम्ही सांगा हो, खरी आहे?"

सगळे माझ्याकडे वळले. नोकरीत मी शेकडो रिपोर्ट लिहिले. एकही असा नव्हता ज्यात 'सकृद्दर्शनी' किंवा 'उपलब्ध माहितीनुसार' हे शब्द नव्हते. पळवाट ठेवल्याशिवाय मी कधी सही केली नाही.

"खरी आहे," मी म्हटलं. पुढे काही जोडलं नाही.

जेठांनी नोट पुन्हा हातात घेतली. या वेळी उजेडात धरली नाही, नुसती बघत बसले.

"मग तो तेव्हा बोलला का नाही?"

"बोलले होते, भाऊजी," बहीण म्हणाली. "आपण हसलो होतो."

तिने हात पुढे केला. त्यांनी नोट दिली. ती बोटांत जाताच आपली आपण मिटली आणि ती तशीच करंगळीशेजारी धरून, दुसऱ्या हातात गुलाबजामचं भांडं घेऊन, माझी बहीण दुसऱ्या पंगतीला वाढायला गेली.